मिसरच्या नादिष्टांचे एक वर्ष

मंडळी, आपल्या गावात भजनी मंडळ असते, गणपतीचे मंडळ असते, पोरांची तालीम असते. त्यांचे वर्षभर काय चालते ते कोणाला सांगावे लागत नाही. पण चार-पाच हजार वर्षांमागच्या एका परक्या देशाचा नाद लागलेली माणसे एकत्र येतात, वर्गणी गोळा करतात आणि ते मंडळ शंभर-सव्वाशे वर्षे नेटाने चालवतात, असे ऐकले तर तुम्ही म्हणाल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग दिसतो! आज अशाच एका उद्योगाची हकीकत सांगायची आहे. देश इजिप्त, म्हणजे आपली जुनी माणसे ज्याला मिसर म्हणत तो. मंडळ निघाले लंडनला. मात्र त्याच्या कामाची खरी ओळख पटायला आपल्याला पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि पुढे धायरीच्या घरांतल्या माळ्यांवर यावे लागेल, म्हणून जरा धीराने ऐका.

अमेलिया एडवर्ड्स नावाची एक बाई होती. कथा-कादंबऱ्या लिहून पोट भरणारी. पुराणवस्तूंचे शिक्षण वगैरे काही नाही. १८७३-७४ च्या हिवाळ्यात ती नावेतून नाईल नदीच्या वरच्या अंगाला गेली. तिथे तिने पाहिले की देवळांचे दगड लोक बांधकामाला नेताहेत, थडग्यांच्या भिंतींवरची चित्रे खरवडून विकली जाताहेत आणि हौशी प्रवासी हजारो वर्षांच्या कोरीव कामावर स्वतःची नावे कोरताहेत. ही शेवटची खोड आपल्याकडेही आहे, सिंहगडावर जाणाऱ्यांना ती ठाऊक आहे. बाई परत आली आणि लिहीत सुटली. १८८२ साली नाण्यांचे जाणकार रेजिनाल्ड पूल आणि सर इरॅस्मस विल्सन नावाचे एक धनवान शस्त्रवैद्य यांच्या साथीने तिने ‘इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड’ काढला. पुढे १९१९ साली त्याचे नाव ‘इजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटी’ झाले. ती आजही चालू आहे.

आता या मंडळाचे पूर्वीच्या काळचे वर्ष कसे जाई ते पाहू. त्यासाठी आधी मिसरचे वर्ष समजले पाहिजे.

मिसर देशात पाऊस जवळजवळ नाहीच. सारा देश नाईलच्या दोन्ही काठांवरची एक हिरवी पट्टी आहे. आपल्याकडे मृग लागून पावसाळा सुरू होतो, त्याच सुमारास दूर दक्षिणेला हबसाणच्या, म्हणजे इथिओपियाच्या, डोंगरांत मुसळधार पाऊस पडतो. ते पाणी गाळ घेऊन शेकडो कोस खाली येई आणि ऐन उन्हात, आभाळात एक ढग नसताना, मिसरच्या शेतांवर पसरे. जुन्या मिसरी लोकांनी वर्षाचे तीन ऋतू केले होते, तेही या पुरावरून: पहिला पुराचा, दुसरा पाणी ओसरून पिके वर येण्याचा, तिसरा कापणीचा नि उन्हाळ्याचा. आपल्या आकाशातला व्याध तारा सूर्याच्या तेजात बरेच दिवस दिसेनासा होऊन एके पहाटे पुन्हा पूर्वेला चमकला, की पूर आला असे ते समजत. तेच त्यांचे नवे वर्ष. महिने बारा, प्रत्येक तीस दिवसांचा, वर पाच दिवस जादा. अधिक महिन्याची सोय त्यांनी केली नाही, त्यामुळे त्यांचे पंचांग दर चार वर्षांनी एक दिवस सरके आणि कागदावरचा पुराचा महिना शेवटी भलत्याच हंगामात जाऊन बसे. आपल्या पंचांगकर्त्यांनी ही भानगड टाळली, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. आस्वानचा मोठा बंधारा १९७० साली पुरा झाला आणि हा वार्षिक पूर कायमचा थांबला.

तर पूर ओसरून जमीन वाळली आणि हवेत गारवा आला की, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पुढे, मंडळाचा माणूस मिसरमध्ये उत्खननाला उतरे. शिमग्यापर्यंत काम चाले. मग ऊन असह्य होई.

या कामात ज्यांचे नाव घ्यावेच लागते ते फ्लिंडर्स पेट्री. १८८० साली हा तरुण मोठ्या पिरॅमिडची मापे घ्यायला गेला, तेव्हा एका कोरलेल्या थडग्यातच बिऱ्हाड करून राहिला. १८८४ पासून तो मंडळासाठी खणू लागला. त्याआधी उत्खनन म्हणजे सोने नि पुतळे शोधणे, बाकीचे फेकून देणे. पेट्रीने खापरे उचलली. मोडके मडके विकायला कोणी नेत नाही, म्हणून ते जिथे फुटले तिथेच पडून राहते, आणि मडक्याची धाटणी तर पिढीगणिक थोडी थोडी बदलते. आपल्या कुंभारवाड्यात चौकशी केली तर आजोबांचा रांजण आणि नातवाचा रांजण यातला फरक तुम्हांला कोणीही दाखवील. मिसरच्या फार जुन्या थडग्यांत पेट्रीला असे घट मिळाले की ज्यांना धरण्यासाठी लाटेसारख्या नागमोडी कडा होत्या. काही घटांवर ती कड ठसठशीत आणि कामाची होती, काहींवर नुसती शोभेची उरली होती, काहींवर तर तिची फक्त एक रेघ राहिली होती. त्याने ताडले की हा क्रम काळाचा आहे. सुमारे नऊशे थडग्यांतल्या भांड्यांची टाचणे करून, ती पुढेमागे लावून, त्याने कोणते थडगे आधीचे आणि कोणते नंतरचे हे ठरवले. एका अक्षराचाही लेख हाती नसताना केवळ मडक्यांवरून! १९०१ साली ही पद्धत मंडळाच्या ग्रंथात छापली गेली. आज जगभर, आपल्या डेक्कन कॉलेजातसुद्धा, खापरांवरून काळ ठरवतात, त्याच्या पायात पेट्रीचे हे काम आहे.

मजुरांशी वागण्याची त्याची रीतही सांगण्यासारखी. मजुराला वस्तू सापडली की ती तो गुपचूप व्यापाऱ्याला विकी. पेट्रीने ठरवले की बाजारात जे मिळाले असते ते बक्षीस म्हणून आपणच द्यायचे, रोजाच्या वर. चोरी बरीच कमी झाली, आणि त्याहून मोठा लाभ असा की वस्तू नेमकी कोठे मिळाली हे कळू लागले. १८९३-९४ साली कुफ्त नावाच्या गावी त्याने काही गडी शिकवून तयार केले. पुढे त्या गावच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या हाच धंदा केला आणि ‘कुफ्ती’ म्हणजे खोदकामातला तरबेज कारागीर असा अर्थच रूढ झाला. ग्रंथांवर नावे साहेबांची, पण मातीचा रंग बदलला हे आधी ओळखणारी नजर बहुतेक वेळा या कारागिरांची असे.

उन्हाळ्यात पेट्या लंडनला पोचत. वस्तू मांडून प्रदर्शन भरे आणि वर्गणीदार आपल्या पैशाचे काय झाले ते डोळ्यांनी पाहत. त्यानंतर लिहिणे, नकाशे काढणे, ग्रंथ छापणे. हा ग्रंथ वर्गणीदाराच्या घरी जाई. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, जमाखर्च, भाषणे. गावोगावी मंडळाचे बिनपगारी चिटणीस असत. वर्गणी मागणे, पावती देणे, व्याख्यान ठरवणे, हे सगळे त्यांच्याकडे. अमेलियाबाईंनी स्वतः अशी पत्रे हजारांनी लिहिली आणि १८८९-९० च्या अमेरिकेच्या दौऱ्यात शंभरावर व्याख्याने दिली. १८९२ साली त्या वारल्या. जाताना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मिसरच्या अभ्यासाचे अध्यापकपद निघावे म्हणून पैसा ठेवून गेल्या आणि त्या जागेवर पेट्री बसला.

हे सगळे चांगलेच. पण एक गोष्ट माझ्या मनाला पटत नाही, ती बोलून दाखवतो. सापडलेल्या वस्तूंचा एक वाटा सरकारच्या परवानगीने खणणाऱ्याला मिळे, आणि तो युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांना, वर्गणीच्या मानाने, वाटला जाई. एकाच थडग्यातला मणी एका शहरी, मडके दुसऱ्या शहरी. मिसरच्या शाळकरी मुलाला आपल्याच गावची वस्तू पाहायला समुद्र ओलांडावा लागे. १९८३ सालच्या कायद्याने मिसर सरकारने ही वाटणी बंद केली. ठीक केले.

आता मिसरच्या शेतकऱ्याकडे वळू, कारण इथून आपला संबंध सुरू होतो. तिथे जुन्या वस्त्यांच्या टेकाडांची माती शेतकरी खत म्हणून खणून नेत. तिला ‘सबाख’ म्हणत. शतकानुशतकांची राख, शेण, कुजलेला पेंढा त्यात मिसळलेला, त्यामुळे पिकाला ती मानवे. १८८७ साली अमार्ना येथे अशीच माती खणताना बाणासारख्या टोकदार अक्षरांनी भरलेल्या भाजक्या-कच्च्या मातीच्या वड्या निघाल्या. त्या होत्या शेजारच्या राजांनी मिसरच्या फॅरो राजांना पाठवलेल्या पत्रांच्या! आरंभी त्यांची किंमत कोणाला कळली नाही, काही फुटल्या, काही हरवल्या. साडेतीनशेहून अधिक वाचल्या, आणि साडेतेहतीसशे वर्षांपूर्वीचा राजकारणाचा पत्रव्यवहार त्यामुळे आपल्याला वाचायला मिळतो. ऑक्सिऱ्हिंकस नावाच्या दुसऱ्या एका गावी मंडळाचे ग्रेनफेल आणि हंट हे दोघे १८९६-९७ साली उकिरड्याच्या टेकाडांत उतरले. तेथे पपायरस नावाच्या लव्हाळ्याच्या कागदाचे लाखो तुकडे मिळाले: कराच्या पावत्या, घरची पत्रे, करारनामे, हरवलेली काव्ये. ते वाचून छापण्याचे काम १८९८ पासून आजपर्यंत चालूच आहे, ऐंशीवर खंड निघाले. त्यातल्या एका तुकड्यावर एक विनोदी नाटक आहे. त्याचा प्रसंग हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घडतो आणि तिथला राजा न समजणाऱ्या भाषेत बोलतो. ती भाषा जुनी कानडी असावी असे काही पंडितांनी सुचवले. सर्वांना ते मान्य नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वी मिसरच्या प्रेक्षकांना आपल्या किनाऱ्याची मजा वाटत होती, एवढे तर खरे.

वाटणारच. पावसाळी वाऱ्याच्या आधारे तिकडची जहाजे आषाढाच्या सुमारास निघत, इकडे माल भरत आणि थंडीच्या वाऱ्याबरोबर परतत. त्या काळच्या एका मिसरी-ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या वाटाड्या पुस्तकात पैठण आणि तेर (जुने तगर) ही नावे आहेत, कल्याण-सोपाऱ्याचीही आहेत. पैठणचा माल आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई असे तो सांगतो. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उत्खनन झाले, तेव्हा एका देवळाच्या जमिनीत आपल्याकडचा एक मोठा रांजण मिळाला, आत साडेसात किलो काळी मिरी! सागवानी लाकूड मिळाले. आणि २०२३ साली जाहीर झाले की तिथे संगमरवरी बुद्धमूर्तीही सापडली आहे. उलट आपल्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, आणि एका खांबाच्या माथ्यावर माणसाचे तोंड नि सिंहाचे अंग असलेला प्राणी कोरला आहे. मूळ कल्पना मिसरची, ग्रीकांच्या हातून फिरत फिरत इथे आलेली. शाळेची सहल कार्ल्याला गेली तर मुलांना तो खांब शोधायला लावा.

आता सबाखची गोष्ट ऐकून आपल्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांना काही आठवले असेल. आपल्याकडे शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ‘काळी-पांढरी’ हा शब्दच आहे. जिथे पूर्वी गाव होते आणि उठून गेले, तिथे नदीकाठी पांढऱ्या मातीचे टेकाड राहते. धाबे लिंपायला, भिंतींना, शेतात टाकायला ती माती गाड्या भरभरून नेतात. त्या मातीत राख का आहे, खापरे का आहेत, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथली अशी टेकाडे डेक्कन कॉलेजच्या हसमुख धीरजलाल सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात खणली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. जव पिकवणारी, नदीचे पाणी पाटाने वळवणारी माणसे होती ती. लहान मूल वारले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून पुरत, बहुधा त्याने परत चालत येऊ नये किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून. एक माणूस तर चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला मिळाला, त्याचे पाय मात्र शाबूत होते.

ज्या शतकात इनामगावची आई आपले लेकरू चुलीजवळच्या मातीत ठेवत होती, त्याच सुमारास, इसवी सनापूर्वी सुमारे १३२३ साली, मिसरमध्ये तुतनखामेन नावाच्या विशीच्या आतल्या राजाला सोन्याच्या पेटीत ठेवले. १९२२ साली ते थडगे सापडले आणि जगभर गवगवा झाला. मिसर पाहावे तर सोन्यासाठी, असे लोकांना तेव्हापासून वाटते. मला विचाराल तर मेलेले माणूस आपल्याजवळच राहावे ही धडपड दोन्हीकडे सारखीच दिसते. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याच्या संग्रहालयात मिसरची एक ममी, म्हणजे मसाले घालून टिकवलेला देह, आहे. ती पाहून आलेल्या शिक्षकांनी परत येताना इनामगावची मडकीही पाहावीत.

मग आपल्याकडे असे हौशी मंडळ होते का? होते, आणि आहे. १९१० साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. विषय मिसरचा नाही, आपल्याच इतिहासाचा, पण वर्षाचा क्रम विलक्षण सारखा. पंधरवड्याला सभा. सभेत कोणी एक सभासद एखादे पत्र, ताम्रपट, नाणे घेऊन उभा राही, ते कोठे मिळाले ते सांगे, वाचून दाखवी, आणि बाकीचे त्याला प्रश्नांनी घेरत. वर्षाचे इतिवृत्त छापायचे, संमेलन भरवायचे, त्याचे वृत्त छापायचे. १९२० पासून त्रैमासिक. दत्तो वामन पोतदार, गणेश हरि खरे अशा माणसांनी हयाती त्यात घातल्या. खऱ्यांचे ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक शिक्षकांनी जरूर मिळवावे.

फरक एवढाच की इथे उत्खनन जमिनीत नव्हते, माणसांच्या घरांत होते. राजवाडे गावोगाव हिंडत, देशमुख-कुलकर्ण्यांच्या दारात बसत, दप्तर दाखवा म्हणून विनवत. कोणी देई, कोणी हाकली. कितीतरी कागद तोवर वाण्याच्या पुड्यांत गेले होते. भोरजवळच्या कारी गावी जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली, म्हणजे सालवार नोंदींची वही, होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली मंडळाच्या चौथ्या संमेलनाच्या वृत्तात छापली गेली. तीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा होता. आज आपण १९ फेब्रुवारीला जी शिवजयंती पाळतो तिचे मूळ त्या वहीत आहे. ती वही उंदरांनी खाल्ली असती तर?

हा प्रश्न धायरीकरांना मुद्दाम विचारतो आहे. धायरी आता नुसते गाव राहिलेले नाही. २०१७ साली उरलेले गावही पुणे महानगरपालिकेत गेले. शेते होती तिथे इमारती उठल्या, जुनी घरे उतरत आहेत. घर उतरवताना माळ्यावरचे बासन, मोडीतले खत, सारापट्टीची पावती, जुने वजन-माप हे सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत राडारोड्याबरोबर जाते. जोत्याचा कोरीव दगड कोठे भराव म्हणून पडला ते कोणी पाहत नाही. तिकडे सबाख, इकडे राडारोडा.

म्हणून शाळेत मंडळ काढायचेच असेल तर मिसरचे खुशाल काढा. मुलांना पिरॅमिड आवडतात, आवडू द्या. एका पंधरवड्याला व्याध तारा दाखवा, दुसऱ्याला मडक्यांची कड, तिसऱ्याला चित्रलिपी आणि तिच्या शेजारी फळ्यावर मोडी. पण दर सभेला एका मुलाने आपल्या घरची एक जुनी वस्तू किंवा तिचे चित्र आणावे असा नियम करा. कुदळ मात्र हातात घ्यायची नाही, बरे का. हौशी खोदकामाने जेवढे बिघडते तेवढे उंदरांनीही बिघडत नाही, आणि जमिनीत गाडलेले काही मौल्यवान आढळल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. वस्तू घरातून मागून ठेवूनही घेऊ नका, ज्याची त्याला परत द्या. पेट्यांच्या वाटणीचे काय होते ते आपण पाहिलेच.

लागेल एक जाड वही आणि एक चिटणीस. चिटणीस सातवीतला चालेल, अक्षर चांगले असले म्हणजे झाले. वहीत वस्तूचे नाव, माप बोटांत किंवा सेंटिमीटरांत, कोणत्या घरातली, घरात नेमकी कोठे होती, आजी-आजोबा तिच्याविषयी काय सांगतात आणि आजची तारीख. ‘कोठे होती’ हा रकाना मुले हमखास मोकळा सोडतात. तो भरल्याशिवाय मास्तरांनी सही करू नये.